देशी बियाणे बँक: साठवण, वाटप आणि परतफेड

स्थानिक वनस्पतींचे आणि देशी पिकांचे बी गोळा करून ते वाळवायचे, त्याची नोंद ठेवायची, ते सांभाळायचे आणि वेळ येताच पुन्हा मातीत जावे म्हणून द्यायचे, या कामासाठी उभारलेली व्यवस्था म्हणजे संवर्धन बियाणे बँक. बियाण्याच्या दुकानात मागणी असलेला वाण भरला जातो. बियाणे बँकेत बहुधा मागणी संपत आलेला वाण आधी येतो. अशा बँकांचे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार शीतगृहातल्या जनुक कोशांचा. तेथे बी गोठणबिंदूच्या बरेच खाली ठेवतात आणि ते अनेक दशके टिकते. दुसरा प्रकार गावच्या बियाणे बँकांचा. तेथे बी मडक्यात, कणगीत किंवा डब्यात असते आणि दर एक-दोन हंगामांनी शेतात जाऊन नवे होऊन येते.

दोन्ही प्रकारांत साठवणीइतकेच वाटपाला महत्त्व असते. बी जिवंत असते, म्हणून ते म्हातारे होते आणि मरतेही. कोणी ते मागितले नाही, पेरले नाही आणि परत आणून दिले नाही, तर उत्तम साठवलेले बीसुद्धा एक दिवस निव्वळ धान्य होऊन उरते. म्हणूनच बी कोणाला द्यायचे, किती द्यायचे, सोबत कोणती माहिती द्यायची आणि बदल्यात काय घ्यायचे, हे नियम संवर्धनाच्या कामाचा गाभा आहेत.

गरज कशातून निर्माण झाली

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भारतीय शेतकऱ्याचे बी मुख्यतः घरचे असे. कमी पडल्यास ते शेजारून, सोयऱ्यांकडून किंवा आठवडी बाजारातून येई. 1964मध्ये ज्वारीचा सीएसएच-1, 1965मध्ये बाजरीचा एचबी-1 आणि 1970मध्ये कापसाचा एच-4 हे संकरित वाण आले. उत्पादन वाढले, पण संकरित पिकाचे बी पुढच्या वर्षी पेरले की त्याचे गुण विखुरतात. त्यामुळे दरवर्षी नवे बी विकत घेण्याची पद्धत रुळली आणि घरचे वाण मागे पडले.

सगळीकडे एकाच रक्ताचे पीक असण्याचा धोका बाजरीने लवकरच दाखवून दिला. एचबी मालिकेतील सुरुवातीच्या संकरित वाणांची मादी बाजू एकच होती. ती अमेरिकेतील टिफ्टन येथे तयार झालेली टिफ्ट 23ए ही ओळ. ती केवडा रोगाला बळी पडणारी होती. शेतकरी या रोगाला गोसावी म्हणतात, कारण कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांच्या जटा फुटतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या रोगाच्या साथींनी संकरित बाजरीचे मोठे नुकसान केले.

जतन केलेले बी बाहेर काढल्याने काय साधते, याचे उदाहरण भातात सापडते. गवती खुजेपणा हा विषाणूजन्य रोग आशियातील भातशेतीवर पसरला, तेव्हा फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आपल्या संग्रहातील सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. उपयुक्त प्रतिकारशक्ती मिळाली ती ओरायझा निव्हारा या रानटी भाताच्या एका नमुन्यात. हा नमुना 1963मध्ये उत्तर प्रदेशातून गोळा केलेला होता. लागवडीच्या दृष्टीने त्या गवताला किंमत नव्हती. पण त्याचा गुण आयआर-36सारख्या वाणांत उतरवला गेला आणि हे वाण पुढे लक्षावधी हेक्टरांवर पोचले. मूठभर रानटी बी कोणीतरी गोळा केले होते, ते जिवंत राहिले होते आणि मागताच मिळाले, या तिन्ही गोष्टी जुळल्या म्हणून हे घडले.

कोणते बी बँकेत टिकते

प्रत्येक वनस्पतीचे बी साठवता येत नाही. बियांचे वर्तन पाहून ब्रिटिश शास्त्रज्ञ एरिक रॉबर्ट्स यांनी 1973मध्ये त्यांचे दोन गट केले. पहिल्या गटातील बी वाळवले, थंड केले की त्याचे आयुष्य वाढते. त्याला ऑर्थोडॉक्स बी म्हणतात. ज्वारी, बाजरी, भात, नाचणी, तूर, वाल, अंबाडी, बहावा ही या गटातली. दुसऱ्या गटातील बी वाळवले की मरते, त्याला रिकॅल्सिट्रंट बी म्हणतात. आंबा, फणस, जांभूळ, कोकम आणि सह्याद्रीच्या सदाहरित रानातली कित्येक झाडे या गटात येतात. पावसाळ्याच्या तोंडावर फळ पिकते, बी ओल्या मातीत पडते आणि लगेच रुजते, असा या झाडांचा क्रम असतो. वाट पाहण्याची सोयच त्यांच्या बियांत नसते. अशा झाडांसाठी बी साठवणे निरुपयोगी ठरते. त्यांची राखण जिवंत बागांतून, देवरायांतून आणि मूळ जंगलातूनच करावी लागते, आणि बी वाटायचे तर फळ उतरल्यापासून काही दिवसांत वाटावे लागते. 1990मध्ये कॉफीच्या बियांच्या अभ्यासातून या दोन्हींच्या मधला तिसरा गटही पुढे आला. या गटातले बी काही प्रमाणात वाळवणे सोसते, पण थंडी सोसत नाही.

टिकणाऱ्या बियांसाठी जेम्स हॅरिंग्टन यांचा ठोकताळा उपयोगी पडतो. बियांतील ओलावा 1 टक्क्याने उतरला की त्यांचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान 5 अंश सेल्सिअसने उतरले की पुन्हा दुप्पट होते. ओलावा 12वरून 8 टक्क्यांवर आणला, तर नुसत्या वाळवण्याने आयुष्य सोळापट वाढते. हा नियम ठरावीक मर्यादेतच लागू पडतो, पण त्यातून एक व्यावहारिक गोष्ट कळते. शीतयंत्र नसलेल्या गावालाही बियांचे आयुष्य बरेच वाढवता येते, कारण वाळवणे त्याच्या हाती असते.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2014मध्ये जनुक कोशांसाठी मानके प्रसिद्ध केली. त्यांनुसार बी 5 ते 20 अंश तापमानात आणि 10 ते 25 टक्के सापेक्ष आर्द्रतेत सावकाश वाळवतात. मग ते हवाबंद पाकिटात भरून उणे 18 अंशांच्या आसपास ठेवतात. गावात हेच तत्त्व वेगळ्या साधनांनी पाळले जाते. बी उन्हात वाळवतात, दाताखाली धरल्यावर कट्ट आवाज येतो का ते पाहतात आणि थंड झाल्यावर मडक्यात भरतात. कडधान्यात राख मिसळतात. राख ओलावा शोषते, दाण्यांमधील फटी बुजवते आणि भुंगेऱ्यांच्या अंगावरचे संरक्षक आवरण खरवडते. कडुलिंबाचा पाला सोंड्यांना दूर ठेवतो. मक्याची आणि ज्वारीची निवडक कणसे चुलीवरच्या आढ्याला टांगतात, तेथे धूर आणि ऊब दोन्ही मिळते. भुईमूग शेंगेतच ठेवतात, कारण फोडलेला दाणा लवकर खवट होतो आणि उगवत नाही. कांद्याचे बी साध्या हवेत जेमतेम वर्षभर चांगले राहते, म्हणून ते साठवण्यापेक्षा दरवर्षी नवे तयार करणे सोयीचे असते.

बी घेण्याची शिस्त

चांगल्या वाटपाची तयारी संकलनापासूनच सुरू होते. रानातल्या वनस्पतीचे बी घेताना त्या दिवशी झाडांवर असलेल्या पक्व बियांपैकी 20 टक्क्यांहून अधिक घेऊ नये, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. उरलेले बी त्या जागेचे, तेथल्या पाखरांचे आणि पुढच्या पिढीचे. शक्य असेल तेथे 50 किंवा अधिक झाडांवरून थोडे थोडे बी घेतात. एकाच भरघोस झाडावरून पिशवी भरली, तर बी पुष्कळ मिळते, पण सगळी एकाच आईची लेकरे असतात आणि त्या वस्तीतील विविधता मागेच राहते.

काही वनस्पतींची संधी क्वचित येते. सह्याद्रीतील कारवी सात-आठ वर्षांतून एकदा सामूहिक फुलते आणि बी धरून मरते. ते साल चुकले, तर संग्राहकाला पुन्हा तितकीच वर्षे थांबावे लागते.

शेतातल्या पिकाचे बी निवडताना वेगळी काळजी घ्यावी लागते. बांधालगतच्या ताटांना ऊन आणि जागा जास्त मिळते, त्यामुळे त्यांची कणसे मोठी दिसतात. ते मोठेपण वाणाचे नसते, जागेचे असते. शिवाय शेजारच्या शेतातील पराग याच ताटांवर आधी पडतात. म्हणून बियांसाठी शेताच्या मधली, वाणाची लक्षणे असलेली, निरोगी आणि एकसारखी पिकणारी ताटे आधीच हेरून ठेवतात. ही निवड पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः घरातल्या बायकांच्या हाती राहिली आहे, कारण शिजवताना, दळताना आणि भाकरी थापताना दाण्याचे गुण त्यांनाच कळत.

बी पिशवीत पडले की सोबत माहितीची चिठ्ठी पडली पाहिजे. जनुक कोशात तिला पासपोर्ट माहिती म्हणतात. वनस्पतीचे शास्त्रीय आणि स्थानिक नाव, गाव, अक्षांश-रेखांश, उंची, मातीचा प्रकार, तारीख, संग्राहक आणि किती झाडांवरून बी घेतले, हे त्यात असते. देशी पिकासाठी आणखी काही ओळी लागतात: किती दिवसांत पिकते, कोणत्या जमिनीत जमते, लोळते का, कशासाठी वापरतात. गोव्याच्या खाजण शेतीतील कोरगुट भात खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. मालदांडी ज्वारी थंडीच्या दिवसांत, जमिनीत मुरलेल्या ओलीवर पोसते. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे याच स्थानिक ज्वारीतून एम 35-1 हा वाण निवडला गेला. असे गुण लिहून ठेवले नाहीत, तर मागणाऱ्याला योग्य बी देता येत नाही आणि नावाखाली दुसरेच काही वाटले जाण्याचा संभव असतो.

देण्याआधीची तपासणी

बी देण्यापूर्वी ते उगवते का, हे पाहणे बंधनकारक असते. गावात त्याची सोपी रीत आहे. ढिगातून निवड न करता 100 दाणे मोजून घेतात, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडतात, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवतात आणि आठवडाभर ओल टिकवतात. जितके दाणे निरोगी मोड आणि मूळ धरतात, तितके टक्के उगवण. भारतातील बियाणे प्रमाणीकरणात भाताला किमान 80 टक्के आणि गव्हाला 85 टक्के उगवण लागते. त्याखाली उतरलेले बी द्यायचेच असेल, तर तसे सांगून आणि जास्त दाणे देऊन द्यावे लागते. नवरात्रात घटाभोवती धान्य पेरण्याची प्रथाही रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर येते. घटाखाली काय चांगले उगवले, यावरून घरातले बी जोखण्याची रीत अनेक शेतकरी कुटुंबांत आहे.

न उगवलेले प्रत्येक बी मेलेले नसते. बहाव्यासारख्या शेंगवर्गी झाडांच्या बियांचे कवच इतके कठीण असते की पाणी आत शिरत नाही. सँडपेपरवर घासले किंवा गरम पाण्यात भिजवले, की तेच बी रुजते. काही भात कापणीनंतर काही आठवडे सुप्त राहतात. म्हणून रानटी वनस्पतींचे बी देताना ते जागे कसे करायचे, ही कृतीही पाकिटासोबत द्यावी लागते. ती न दिल्यास घेणारा दोन महिने वाट पाहतो आणि बी खराब होते, असा समज करून घेतो.

शीतगृहातून काढलेल्या पाकिटाची एक जास्तीची काळजी असते. ते बाहेर काढल्याबरोबर उघडायचे नाही. खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायचे. थंड बियांवर हवेतील बाष्पाचे थेंब जमतात आणि महिन्याभराच्या वाळवणीवर अक्षरशः पाणी पडते.

किती द्यायचे

जनुक कोशातून मिळणारे पाकीट पाहून शेतकरी अनेकदा निराश होतो, कारण त्यात मोजके दाणे असतात. अन्न व कृषी संघटनेच्या मानकांनुसार बहुतेक प्रजातींसाठी किमान 30 ते 50 जिवंत बिया द्याव्यात, अशी अपेक्षा आहे. कोशाकडे एकेका नमुन्याचे काही हजार दाणे असतात. त्यांतून तपासण्या, दुय्यम ठिकाणची प्रत आणि पुढच्या अनेक दशकांची मागणी भागवायची असते.

पण पन्नास दाणे वाटतात तितके थोडे नाहीत. ज्वारीच्या 50 दाण्यांतून 40 ताटे हाती लागली आणि एका कणसात हजारभर दाणे धरले, तर 40 हजार दाणे मिळतात. हजार दाण्यांचे वजन 30 ग्रॅमच्या घरात, म्हणजे एकूण सुमारे सव्वा किलो. एकरी चार किलो बियाण्याच्या हिशोबाने पुढच्या हंगामात बारा गुंठे पेरता येतात. त्या बारा गुंठ्यांत एकरी चार क्विंटलचा उतारा धरला, तर सव्वाशे किलोच्या आसपास ज्वारी येते आणि तिसऱ्या हंगामात तीस एकरांना बी पुरते. पाखरे, पाऊस आणि कीड यांची घट धरली, तरी दोन-तीन वर्षांत एखाद्या वस्तीला बी मिळू शकते. मात्र पहिल्या दोन हंगामांत त्यातला दाणाही खायचा नाही, हे घेणाऱ्याला समजलेले असावे लागते.

परत किती घ्यायचे

गावच्या बियाणे बँकेत पैशाचा व्यवहार बहुधा नसतो. बी उसने मिळते आणि सुगीनंतर ते दुप्पट करून परत करायचे असते. महाराष्ट्राला धान्याची उसनवार नवी नाही. सावकार पेरणीच्या वेळी दाणे देई आणि खळ्यावर सवाईने किंवा दिढीने, म्हणजे सव्वापट किंवा दीडपट वसूल करी. बियाणे बँकेत परत येणारा जास्तीचा वाटा कोणाच्या घरी जात नाही. एक हिस्सा बँकेची मूळ ठेव भरून काढतो आणि दुसरा पुढच्या कुटुंबाला मिळतो. दोन किलो भात एका घराला दिले, तर पुढच्या वर्षी दोन घरांना देता येते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीचा अहमदनगर) अकोले तालुका हे या पद्धतीचे परिचित उदाहरण आहे. कळसूबाईच्या पायथ्याच्या या डोंगराळ, आदिवासीबहुल भागातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या आणि आसपासच्या गावांतील देशी वाण गोळा केले. त्यांत वाल-घेवड्याचे अनेक प्रकार, भाजीपाला आणि भाताचे स्थानिक वाण होते. मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे 1967मध्ये स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेने साठवण, नोंदी आणि बचत गटांची बांधणी यांत साथ दिली. राहीबाई बीजमाता म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. त्यांना 2018 सालचा नारीशक्ती पुरस्कार आणि पुढे पद्मश्री मिळाली. त्या भागातील काळभात, रायभोग, जीरवेल, आंबेमोहोर असे भात आज पुन्हा पेरले जातात, ते परतफेडीच्या या साखळीमुळे.

परतफेडीचा आणखी एक फायदा असतो. वाण दहा शेतांत असेल, तर एका शेतातील पूर, आग किंवा कीड त्याला संपवू शकत नाही. म्हणून एखाद्या दुर्मीळ वाणाचे बी एकाच मेहनती शेतकऱ्याला सगळे देण्याऐवजी निदान तीन-चार घरांत, तेही वेगवेगळ्या वाड्यांवर, देणे शहाणपणाचे ठरते. एखाद्याचे पीक बुडाले, तर त्याच्याकडून वसुली होत नाही. दुसऱ्या घरून आलेल्या परतफेडीतून त्याला पुन्हा बी मिळते.

परत आलेले बी तेच आहे का

दुप्पट बी आले, पण वाण बदलला, तर फायदा नाही. इथे पिकाच्या परागीभवनाचे ज्ञान लागते. भात, गहू, नाचणी, हरभरा ही पिके मुख्यतः स्वपरागित आहेत. त्यांचे वाण शेजारी शेजारी लावले, तरी मिसळ कमी होते. प्रमाणित बियांसाठी भाताला 3 मीटरचे अंतर पुरेसे धरतात. त्यांच्यात भेसळ होते ती बहुधा खळ्यावर, मळणीयंत्रात आणि एकाच पोत्यात. मका, बाजरी, दुधी, दोडका यांचे तसे नाही. वाऱ्याने किंवा मधमाश्यांनी त्यांचे पराग दूरवर जातात. मक्याच्या प्रमाणित बियांसाठी 200 मीटरचे अंतर लागते. लहान शेतांच्या गावात ते जमत नाही. मग पेरणी दोन-तीन आठवडे मागेपुढे करतात, किंवा संपूर्ण वाडीने एकच वाण लावण्याचे ठरवतात. वेलवर्गात फूल उमलण्याआधी कळी बांधून ठेवतात आणि उमलल्यावर हाताने पराग घालतात.

परपरागित पिकांत संख्येकडेही पाहावे लागते. बाजरीची पाच-सहा कणसे ठेवून बी धरले, तर काही पिढ्यांत पीक खुजे आणि कमजोर होते. अशा पिकाचे बी शंभराच्या आसपास ताटांवरून घेऊन एकत्र करतात.

जनुक कोशातील बी साठवल्या दिवसासारखेच राहते. शेतातील बी मात्र दरवर्षी थोडे बदलते, कारण त्या वर्षीच्या दुष्काळात, रोगात किंवा अवकाळी पावसात जे टिकले तेच पुढे जाते. हवामान बदलत असताना हा बदल उपयोगी असतो. म्हणून गोठवलेली प्रत आणि शेतातील प्रत दोन्ही लागतात. गावात वाण हरवला, तर कोशातून मूळ बी मिळते आणि शेतात घडलेला वाण कोशात नव्या नमुन्याच्या रूपाने जमा करता येतो.

रानटी वनस्पतींचे वाटप

रानटी वनस्पतींच्या बाबतीत जगातील सर्वांत मोठी व्यवस्था इंग्लंडमधील वेकहर्स्ट येथील मिलेनियम सीड बँक ही आहे. क्यू येथील राजेशाही वनस्पती उद्यानाने ती 2000मध्ये सुरू केली. उणे 20 अंशांच्या तळघरात तेथे सुमारे 40 हजार प्रजातींचे बी आहे. संशोधन, शिक्षण आणि पुनर्स्थापना यांसाठी संस्थांना तेथून बी मिळते. त्यासोबत करार असतो: बी व्यापारी कामासाठी वापरायचे नाही आणि परस्पर तिसऱ्याला द्यायचे नाही. 2011मध्ये याच बँकेने ब्रिटनच्या स्थानिक बियांसाठी स्वतंत्र केंद्र उभारले. साठ्यातील थोडे बी वाफ्यांत लावून त्याचे पुष्कळ बी करायचे आणि कुरणे पुन्हा उभी करणाऱ्यांना ते पुरवायचे, असे त्याचे काम आहे.

बी कुठले आहे, हा इथे कळीचा प्रश्न असतो. एकाच जातीचे झाड कोकणात आणि मराठवाड्यात वाढत असले, तरी त्यांचे फुलण्याचे दिवस आणि तहान सोसण्याची ताकद वेगळी असू शकते. दूरचे बी लावले, तर रोपे जगत नाहीत किंवा स्थानिक झाडांशी संकर होऊन तेथील जुळवणी बिघडते. म्हणून पुनर्स्थापनेसाठी शक्य तितक्या जवळच्या, सारख्या पावसाच्या आणि मातीच्या जागेचे बी वापरतात. पावसाळ्यात बीजगोळे टाकण्याच्या हौशी मोहिमांत हा विचार अनेकदा सुटतो. सुबाभूळ किंवा गिरिपुष्प यांचे बी सहज मिळते म्हणून डोंगरावर टाकले, तर परदेशी झाडेच वाढतात. सड्यांवर आणि माळरानांवर तर झाडांचे बी टाकूच नये, कारण तेथील दुर्मीळ वनस्पती गवताळ, उघड्या जमिनीच्याच आहेत.

बियांसोबत नको ते येण्याचा धोका महाराष्ट्राला चांगला ठाऊक आहे. गाजर गवत भारतात 1950च्या दशकाच्या मध्यास पुण्यात नोंदले गेले आणि ते आयात धान्याबरोबर आले, असे मानले जाते. आज ते देशभर आहे. म्हणून वाटपाचे बी चाळून, तण आणि किडके दाणे वेचूनच द्यावे लागते.

कायदा काय सांगतो

पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, 2001 यातील कलम 39 शेतकऱ्याला आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क देते. संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकण्यास मात्र मनाई आहे. शेतकऱ्यांच्या पारंपरिक वाणांची नोंदणीही याच कायद्याखाली करता येते.

जैवविविधता कायदा, 2002 याने चेन्नईत राष्ट्रीय प्राधिकरण, राज्यांत मंडळे आणि गावपातळीवर समित्या आणल्या. महाराष्ट्राचे मंडळ नागपूरला आहे. परदेशी व्यक्तीला, तसेच अनिवासी भारतीयालाही संशोधनासाठी किंवा व्यापारी वापरासाठी येथील जैविक साधने घ्यायची, तर राष्ट्रीय प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. बाहेरून भारतात बी आणायचे, तर आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. परदेशी गेलेल्या मराठी माणसाने गावाकडच्या वालाचे बी सामानात टाकण्यापूर्वी त्या देशाचे विलगीकरणाचे नियमही पाहायला हवेत.

मोठ्या बँका आणि गावचे शिवार

भारताचा राष्ट्रीय जनुक कोश दिल्लीतील राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे आहे. 1976मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेकडे सुमारे साडेचार लाख नमुने आहेत. अकोल्यात तिचे प्रादेशिक केंद्र आहे. संशोधकांना आणि पैदासकारांना तेथून हस्तांतरण करारावर बी मिळते. महाराष्ट्र शासनाने एप्रिल 2022मध्ये 172.39 कोटी रुपयांच्या महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला मान्यता दिली. स्थानिक पीक वाण हा त्यातील एक विषय आहे.

मोठी बँकही एकटी सुरक्षित नसते, हे सीरियात दिसले. अलेप्पोजवळील ताल हदया येथे कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्राचा, इकार्डाचा, जनुक कोश होता. युद्धामुळे तेथे काम करणे अशक्य झाले. सुदैवाने संग्रहाचा मोठा भाग नॉर्वेतील स्वालबार्डच्या जागतिक बीज भांडारात प्रतीच्या रूपाने ठेवलेला होता. 2008मध्ये उघडलेल्या या भांडाराचा नियम असा की ज्याने बी ठेवले त्यालाच ते परत मिळते. 2015मध्ये इकार्डाने सुमारे 38 हजार नमुने मागितले. भांडारातून बी बाहेर येण्याची ती पहिलीच वेळ. लेबनॉन आणि मोरोक्कोत ते पेरले, वाढवले आणि 2017पासून नव्या बियांच्या प्रती पुन्हा स्वालबार्डला जाऊ लागल्या. गावची बियाणे बँक उसने बी देऊन परत घेते, तोच व्यवहार इथे आंतरराष्ट्रीय पातळीवर झाला.

वाटपाचे वर्ष

गावच्या बँकेचे वर्ष शेतीच्या वर्षाशी बांधलेले असते. उन्हाळ्यात साठा पुन्हा वाळवतात आणि उगवण तपासतात. अक्षय्य तृतीयेनंतर मागण्या घेतात आणि मृग लागण्यापूर्वी खरिपाचे बी घरोघरी पोचवतात. पीक फुलोऱ्यात असताना बँकेची माणसे शेतात जाऊन भेसळीची ताटे काढून टाकतात आणि बियांची ताटे खुणावतात. दिवाळीनंतर परतफेड जमा होते आणि रब्बीचे वाटप सुरू होते. प्रत्येक वेळी नोंदवहीत पाच गोष्टी लिहिल्या जातात: बी कोणाला दिले, किती दिले, किती उगवले, पीक कसे आले आणि किती परत आले. एखाद्या वाणाच्या नावापुढे सलग तीन वर्षे कोणी घेणारा नसेल, तर बँकेने स्वतःच्या वाफ्यात तो लावून बी ताजे करायचे आणि एक प्रत मोठ्या कोशाकडे पाठवायची.

या व्यवस्थेची मर्यादाही याच नोंदवहीत दिसते. जो वाण खाल्ला जातो, विकला जातो किंवा गुरांच्या वैरणीला येतो, तो बँकेबाहेरही जगतो. ज्याला स्वयंपाकघरात आणि बाजारात जागा नाही, तो कितीही चांगला साठवला तरी बँकेचाच आश्रित राहतो. म्हणून अनुभवी बियाणे बँका बियांसोबत पाककृती, भरडण-सडणाची सोय आणि ग्राहकांशी गाठ यांचीही व्यवस्था करतात. बी पेरणाऱ्याला पुढच्या वर्षी बँकेकडे ते पुन्हा मागावे लागू नये, इतके ते त्याच्या घरचे झाले, म्हणजे त्या वाणापुरते बँकेचे काम पूर्ण होते.